पुणं दाखवायचं असेल तर आधी गाड्या बाहेर ठेवा

पुण्यात कुणाकडे पाहुणे आले की रविवारचा प्लॅन जवळपास ठरलेला असतो. सकाळी दगडूशेठ, मग शनिवारवाडा, मग मिसळ, मग सिंहगड, येताना खडकवासल्याला कणीस, रात्री मस्तानी, आणि हे सगळं गाडीनं, कारण सोबत आजी आहेत, पोरं आहेत आणि "गाडी दारात उभी आहे तर रिक्षेला कशाला पैसे घालवायचे". संध्याकाळी त्या पाहुण्यांना विचारा काय काय बघितलं, तर निम्मा वेळ पार्किंग शोधण्यात आणि उरलेला घाटात पुढच्या गाडीचा नंबर वाचण्यात गेलेला असतो. मग तेच पाहुणे गावी जाऊन सांगतात की पुण्यात बघण्यासारखं तसं काही नाही बुवा, ट्रॅफिक तेवढं बघून या. त्यांना तरी काय बोलणार.

तर माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या पेठांचा मधला भाग आणि सिंहगडाचा घाट, या दोन ठिकाणी निदान शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी खाजगी गाड्या बंद करा. अर्धवट नको, सम-विषम तारखांचा खेळ नको, बंद म्हणजे बंद. मेट्रोनं या, बसनं या, चालत या. धूर, आवाज वगैरे मुद्दे आहेतच, ते सगळ्यांना पाठ आहेत, मी ते इथं परत उगाळत नाही. मला म्हणायचंय ते एवढंच की गाडीतून जुनं पुणं दिसतच नाही, आणि जे दिसत नाही ते सांभाळावं असं कुणालाच वाटत नाही.

आता अंतरं बघा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी उभं राहायचं. १७३० साली पहिल्या बाजीरावानं पाया घातला, १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला, आज जे आहे ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. आत जाऊन आलेले लोक बरेचदा हिरमुसतात, "आत काहीच नाहीये" म्हणतात, आणि बरोबरच आहे, वाडा समजायला त्याच्या आजूबाजूला फिरावं लागतं. तिथून दोन मिनिटांवर लाल महाल, आत्ताची इमारत महापालिकेनं बांधलेली आहे पण १६६३ मध्ये शायिस्तेखानाची बोटं तुटली ती याच जागेवरच्या महालात. पलीकडे गल्लीत शिरलं की कसबा गणपती, जिजाऊंच्या वेळचं ग्रामदैवत, विसर्जनाच्या मिरवणुकीत मान पहिला. इकडे तांबडी जोगेश्वरी, पुढे दगडूशेठ, त्याच्या समोर भिडे वाड्याची जागा जिथं १८४८ साली फुल्यांनी मुलींची शाळा काढली (जुना वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, तिथं स्मारक व्हायचंय), मग नाना फडणवीसांचं बेलबाग, तुळशीबागेतला राम, मंडई, विश्रामबागवाडा. हे सगळं दीड-दोन किलोमीटरच्या आत आहे! रमतगमत, चहा पीत, एखाद्या दुकानात शिरत गेलं तरी अर्ध्या दिवसात होतं. आणि हेच गाडीनं करायला जा, वन-वेच्या नादात तुम्ही नदीपर्यंत जाऊन परत येता, आणि गाडी लावायला जागा मिळते ती अशी की तिथून परत रिक्षा करावी लागते.

हे काही कुणी मुद्दाम असं केलेलं नाही. पेठा वसल्या तेव्हा माणसं पायी फिरायची आणि पत्ता सांगायचा तर देवळावरून. खुन्या मुरलीधरापासून डावीकडे, जिलब्या मारुतीपाशी वळा, पासोड्या विठोबाच्या समोरचा बोळ. आजही पेठेतला म्हातारा माणूस असाच पत्ता सांगतो आणि चालणाऱ्याला तो बरोबर सापडतो. गाडीवाल्याला नाही सापडत कारण त्याच्या मोबाईलमधली बाई त्याला तिसऱ्यांदा यू-टर्न घ्यायला सांगत असते.

शिवाजी रस्त्यावर दगडूशेठसमोर कधीतरी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. मूर्ती रस्त्यावरून दिसते, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण दर्शन घेतो. स्कूटरवाला एक हात हँडलवर ठेवून दुसरा छातीला लावतो, मागची बाई दोन्ही हात जोडते, बसमधली माणसं खिडकीतून वाकतात, रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढून कपाळाला लावतो आणि परत हॉर्नवर ठेवतो. मला ते दृश्य मनापासून आवडतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच वेळी फुटपाथवर काय चाललंय तेही बघा. हारवाले, पेढेवाले, रांगेत उभे लोक, चपला सांभाळणारे, आणि या सगळ्यांतून वाट काढत रस्त्यावर उतरलेली एक बाई, कडेवर पोरगं, आणि तिच्या कोपराला घासून जाणारी कार, जिच्यात एकच माणूस बसलेला आहे आणि एसी चालू आहे. गर्दी त्या बाईमुळे झाली की त्या कारमुळे, एवढंच मला विचारायचंय. आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं, की "रविवारी लोक फार येतात". लोक येणारच ना, देऊळ आहे ते! लोकांनी यावं म्हणूनच आहे. कारनं यावं म्हणून नाहीये.

गाडीवाल्यांच्या यादीत कधीच नसलेल्या एका देवळाबद्दल जरा सविस्तर लिहिते. सोमवार पेठेत, नागझरीच्या जवळ, त्रिशुंड गणपती. शनिवारवाड्यापासून हेही चालत जाण्यासारखंच आहे. गल्लीत आजूबाजूला साधी घरं, वायरी लोंबतायत, दुचाक्या उभ्या, आणि मधेच एकदम काळ्या दगडाची कोरीव दर्शनी भिंत समोर येते. पुण्यातली बरीचशी पेशवाईतली देवळं लाकडी सभामंडपाची नाहीतर चुनेगच्ची शिखराची, त्यात हे असं लेण्यातून उचलून आणल्यासारखं. भीमजीगीर गोसावी नावाच्या महंतांनी १७५४ मध्ये काम सुरू केलं. आत गणपतीला तीन सोंडा, सहा हात आणि बसायला मोर. उंदीर नाही, मोर. शिलालेख संस्कृतात आहे तसा फारसीतही आहे. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते बाहेरच्या भिंतीवरचं शिल्प, एक गेंडा आहे, त्याला साखळदंडानं बांधतायत ते टोपीवाले शिपाई. पुण्यात गेंडा कुठला, तर इंग्रजांनी बंगाल घेतला त्याची ही खूण असं मानतात. म्हणजे शनिवारवाड्यावर भगवा फडकत होता तेव्हाच इथल्या एका पाथरवटाला टोपीवाले काय करतायत याची खबर होती, आणि ती त्यानं देवळाच्या दारात दगडात कोरून ठेवली. खाली तळघर आहे, गोसाव्यांची समाधी आहे तिथं, पाणी भरलेलं असतं, गुरुपौर्णिमेला उपसून लोकांना बघायला उघडतात.

आता ही भिंत बघायची म्हणजे काय, तर समोर निवांत उभं राहायला दोन पावलं मागं सरकायला जागा पाहिजे. मागं सरकलं की हॉर्न. गेंडा शोधेपर्यंत तीन वेळा बाजूला व्हावं लागतं, चौथ्यांदा माणूस कंटाळून आत जातो, नमस्कार करतो आणि निघतो. देवळाबाहेर दोन चांगल्या फरश्या, एक बाक आणि सावली एवढं केलं तरी माणसं थांबतील. पण बाक ठेवला की त्याच्यापुढं बुलेट लागते, हा आपला अनुभव.

पाताळेश्वराचं तर विचारूच नका. आठव्या शतकातलं लेणं, अख्खं कातळात खोदलेलं, गोल नंदीमंडप असा की बघत राहावं, आणि ते आहे जंगली महाराज रस्त्यावर, जिथून रोज हजारो लोक जातात. त्यातल्या कितीजणांना आत लेणं आहे हे माहीत असेल कुणास ठाऊक. समोर हॉटेल शोधत फिरणारे मात्र पुष्कळ.

हॉटेलवरून आठवलं, खाण्याचा मुद्दा. गाडीनं फिरणारा माणूस नावाजलेल्याच जागी जातो कारण गाडी तिथंच "लागते" आणि नावाजलेली जागा म्हणजे रीलमध्ये आलेली. मग एकाच मिसळीच्या दारात दीड तास रांग आणि पलीकडच्या बोळात तितकीच चांगली मिसळ देणारा माणूस गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला. मला नावाजलेल्या जागांबद्दल अजिबात आकस नाही, मुंजाबाच्या बोळातल्या बेडेकरांकडे मी स्वतः रांगेत उभी राहते, ती किंचित गोडसर मिसळ, वरून सॅम्पल म्हणजे रस्सा, सोबत पावाऐवजी स्लाइस, हे कोल्हापूरच्या माणसाला पटत नाही तो भाग वेगळा. पण पुण्याचं खाणं असं एका जागी गठ्ठ्यानं ठेवलेलं नाही. ते वेळेवर आहे. सकाळी अमृततुल्यात वेलचीचा वास सुटलेला असतो तेव्हाचा चहा, दहाच्या आत मिसळ किंवा पोहे, दुपारी खाणावळीतलं ताट जिथं वाढपी तुमच्याकडे न बघता आमटी वाढत जातो, चार वाजता कुठून तरी बटाटेवड्याचा वास आला की त्या दिशेनं वळायचं, एकादशी असेल तर साबुदाण्याची खिचडी नि काकडीची कोशिंबीर, उन्हाळ्यात निंबाळकर तालमीच्या चौकात आंब्याची मस्तानी. वासावरून वळायचं म्हटलं तर काचा खाली पाहिजेत, आणि खरं म्हणजे काचाच नकोत.

चालणारा माणूस थोडं थोडं चार ठिकाणी खातो, गाडीवाला एकदाच खूप खातो. धंद्याच्या दृष्टीनं यातलं काय बरं हे लक्ष्मी रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानदाराला कळतं, आणि तरी गाड्या बंद म्हटलं की पहिला विरोध दुकानदारांचा असतो. "गिऱ्हाईक गाडीवर येतं, गाडी बंद केली तर धंदा बसेल." बरं, मग तुळशीबागेचं काय? तुळशीबागेत कार शिरते का? आतल्या गल्ल्यांत दोन बायका पिशव्या घेऊन समोरासमोर आल्या तर एकीला तिरकं व्हावं लागतं, आणि तरी, की त्यामुळेच, ती पुण्यातली सगळ्यात गजबजलेली बाजारपेठ आहे. कानातलं बघता बघता माणूस पातेलं घेतो, पातेलं घेता घेता देवाचे कपडे घेतो, आणि त्याच गर्दीतून एका दारातून आत गेलं की एकदम मोकळं पटांगण, रामाचं देऊळ, नारो अप्पाजी खिऱ्यांनी बांधलेलं, उंच शिखराचं. (बाहेर तासभर क्लिपा निवडणाऱ्या कितीतरी मुली आत कधी गेलेल्या नसतात, पण निदान चालत आहेत म्हणजे कधीतरी जातील.) गाडीशिवाय धंदा होत नाही म्हणणाऱ्यानं आधी तुळशीबागेतल्या एका चार फुटी गाळ्याचा भाडेदर विचारून यावा.

आणि "पुण्यात हे जमणार नाही" म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते, कारण पुण्यात हे दरवर्षी जमतं. गणपतीत संध्याकाळी मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक चालते, लाखो माणसं पायी येतात, म्हातारी येतात, खांद्यावर पोरं घेऊन येतात, लांब गाडी लावून किंवा हल्ली मेट्रोनं येतात. आषाढीच्या वारीत ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबापाशी आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी मुक्कामाला असते तेव्हा त्या भागात गाडी काढायचा विचारही कुणी करत नाही, आणि कुणाचं काही अडत नाही. ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन करते, लक्ष्मी रस्ता काही तास गाड्यांना बंद, रांगोळ्या, खेळ, फोटो. छान असतं. पण वर्षातून एक दिवस चालणाऱ्याचा म्हणजे उरलेले सगळे कुणाचे हे आपोआपच ठरलं.

आधी निदान म्हणता यायचं की लोक येणार कशानं. आता तेही राहिलं नाही. सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू आहे, एक स्टेशन कसबा पेठेत, एक मंडईत. पिंपरीहून बसलेला माणूस थेट मंडईच्या दारात वर येतो. जमिनीखालून आपण एवढा खर्च करून माणसं आणली आणि वर आल्याबरोबर त्यांना ओलांडायला रस्ता नाही, चालायला फुटपाथ नाही. मला तर वाटतं मंडई स्टेशनमधून बाहेर पडणाऱ्या माणसाचा चेहरा एकदा अधिकाऱ्यांनी तिथं उभं राहून बघावा.

आता सिंहगड. इथं माझा सूर थोडा चढणार आहे, आधीच सांगते.

फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे मावळ्यांना घेऊन रात्री कडा चढून गेले तो हा गड. छत्रपती राजाराम महाराज १७०० साली इथंच गेले, त्यांची समाधी वर आहे. टिळकांचा बंगला आहे, देवटाक्याचं पाणी आहे, कल्याण दरवाजा आहे, तटावरून फिरत गेलं तर एका बाजूला खडकवासल्याचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला राजगड-तोरणा दिसतात. आणि पावसाळ्यातल्या रविवारी गाडीनं आलेल्या माणसाचा गड म्हणजे पार्किंग, भजी, फोटो, पार्किंग. राजाराम महाराजांच्या समाधीपर्यंत यातले किती पोचतात? घाटातच तीन तास गेलेत, पोरं रडतायत, उतरताना परत तेच, मग जो तो लवकर निघायच्या घाईत. वनखातं गाडीमागे उपद्रव शुल्क घेतं, पण ते भरलं की उपद्रव करायला मोकळे असंच लोकांनी धरलंय.

यात एक गोष्ट मला फार खटकते. ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्यासाठी काय आहे? शनिवारवाड्यावरून पीएमपीची ५० नंबरची बस आहे, ती पायथ्याला सोडते. तिथून आतकरवाडीच्या वाटेनं चालत वर, धडधाकट माणसाला काही वाटत नाही, उलट तीच खरी वाट. पण ज्या आजीला गड बघायचाय आणि घरात गाडी नाही तिला शेअर जीपवाल्याची सीट भरेपर्यंत बसून राहावं लागतं. म्हणजे जो घाट आपण गाडीवाल्यांसाठी मोकळा ठेवलाय तो म्हाताऱ्यांच्या सोयीसाठी आहे हे म्हणणं फक्त गाडीवाल्यांच्या म्हाताऱ्यांपुरतं खरं आहे.

आणि हा प्रयोग झालेला आहे, हे मात्र कुणी बोलत नाही. २०२२ च्या मे महिन्यात सिंहगडावर खाजगी गाड्या बंद करून पीएमपीच्या ई-बस सुरू केल्या होत्या. महिनाभरसुद्धा टिकलं नाही. घाटातली वळणं, चार्जिंगची रड, वर-खाली जायला थांबलेल्यांच्या रांगा, सुट्ट्यांची गर्दी, आणि झालं, गुंडाळलं. तेव्हापासून कुणी विषय काढला की "ते केलं होतं, फेल गेलं" एवढं एक वाक्य तोंडावर मारतात. अहो पण फेल काय गेलं? बस फेल गेल्या की गाड्या बंद करणं फेल गेलं? घाटाला झेपतील अशा छोट्या बस पाहिजे होत्या, पुरेशा पाहिजे होत्या, आणि ऐन मे महिन्याच्या सुट्टीत सुरुवात करायची काय गरज होती? एखाद्या पोराला पहिल्याच दिवशी वाहत्या नदीत ढकलायचं आणि मग म्हणायचं याला पोहणं जमत नाही, तसलाच प्रकार.

सप्तशृंगी गडावर नवरात्रात नांदुरीला गाड्या थांबवतात आणि वर एसटी जाते. तिथला घाट काही सपाट नाहीये. भाविक किती येतात ते नाशिककरांना विचारा. माथेरानला तर कार दस्तुरी नाक्यालाच राहते, पुढे चालत, घोड्यावर, छोट्या गाडीनं, म्हणून माथेरान ओस पडलंय का? उलट सुट्टीत रूम मिळत नाही. आपल्याच राज्यात आपलीच माणसं तिथं मुकाट ऐकतात आणि सिंहगडावर "आम्हाला सवय नाही" म्हणतात.

गडावर पिठलं-भाकरी करणाऱ्या, दही विकणाऱ्या बायकांचं काय, हा प्रश्न मात्र खराखुरा आहे आणि त्याला उडवून लावणारे मला आवडत नाहीत. ही आसपासची, गडाच्या घेऱ्यातली माणसं, पिढ्यान्‌पिढ्या याच्यावर घरं चालतात. वाटेच्या कडेला पाटी घेऊन बसलेली मावशी, पाटीत छोटी छोटी मडकी, वर ओलं फडकं. मडकं हातात घेतलं की गार लागतं, दही असं घट्ट की मडकं तिरकं केलं तरी हलत नाही, वरची साय ती चमच्यानं एका बाजूला सारते, साखर टाकते आणि "ताईऽ, मडकं तेवढं इथंच द्या" म्हणून सांगते. चुलीपाशी दुसरी भाकरी थापत असते, पिठल्यावर ठेचा, कांदा हातानं फोडून. हे सगळं कुणाला पुरतं, तर ज्याला वेळ आहे त्याला. बसनं आलेला माणूस दोन-तीन तास वर असतो, भूक लागेपर्यंत फिरतो, खाली पळायची घाई नसते कारण गाडी काढायची नसते. गाडीवाला बरेचदा घाटातूनच उलटा फिरतो, "जाऊ दे, खडकवासल्याला खाऊ". तरी पहिले काही महिने फटका बसेल हे मी मान्य करते, आणि तो एकट्या मावशीनं का सोसायचा? जीपवाल्यांचंही तेच. त्यांना हटवून बाहेरून ठेकेदार आणला तर ते विरोध करणारच, मी पण केला असता. हा घाट त्यांच्याइतका कुणाला माहीत आहे? त्यांनाच ठरलेल्या तिकिटावर फेऱ्या द्या, बस आणि जीप दोन्ही चालू देत.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात आपल्या जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड, राजगड आहेत. सिंहगड नाहीये. का नाहीये यात मला शिरायचं नाही, पण पुढं काय होणार ते दिसतंच आहे, या तिन्हींवर गर्दी वाढणार आणि वाढली की आपण पहिली गोष्ट करणार ती म्हणजे पायथ्याचा रस्ता रुंद आणि पार्किंग मोठं. लोहगडाला मळवली स्टेशनवरून भाजे मार्गे चालत जाता येतं, लोकल आहे, वाटेत लेणी आहेत. कधी कुणी पाहुण्याला असं सांगितलंय? राजगडावर गाडीचा रस्ता नाही, म्हणून अजून तरी तो गडासारखा वाटतो.

म्हाताऱ्या आणि अपंग माणसांचा मुद्दा येतोच, यायलाच पाहिजे. पेठांमध्ये छोट्या ई-रिक्षा, पास असलेल्यांना परवानगी, रहिवाशांना स्टिकर, ॲम्ब्युलन्सला आडकाठी नाही, एवढं कुठलंही शहर करू शकतं. पण म्हाताऱ्यांच्या नावावर आपण तरुण लोक फार गाड्या चालवतो हेही म्हणून ठेवते. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, वर गाडी जात नाही, आणि पहाटे तिथं सगळ्यात जास्त कोण दिसतं, तर साठीच्या पुढचे. देवदेवेश्वराला हात जोडायचे, वरून शहर बघायचं, खाली येऊन चहा. याच पर्वतीवर दलितांना देवळात जाऊ द्यावं म्हणून १९२९ साली सत्याग्रह करावा लागला होता. पायऱ्या तेव्हाही तेवढ्याच होत्या, अडवलं होतं ते माणसांनी.

मला जास्त काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. चालायचं शहर म्हणताय तर बायकांनी चार तास पेठांत फिरायचं कसं? स्वच्छ स्वच्छतागृह कुठाय? शनिवारवाडा ते मंडई या पट्ट्यात बाईला जायची वेळ आली तर ती एखाद्या हॉटेलात नको असलेली कॉफी मागवते. पाहुण्या आलेल्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे कुठल्याच पर्यटन धोरणात लिहिलेलं नसतं. गाड्या बंद करायच्या आधी हे करा. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, बसायला कट्टे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळानं पाणी आणून पेठांत जागोजाग हौद बांधले होते, वाटसरूला पाणी मिळायचं, म्हणजे तेव्हा जमलेली गोष्ट आपण आज अशक्य म्हणून सांगू नये.

वाड्यांचंही एक आहे. शनिवारवाड्यासारखं केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर २०१० च्या कायदा दुरुस्तीनुसार शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. हेतू चांगला आहे, पण त्या शंभर मीटरांतल्या जुन्या वाड्यांत राहणारी कुटुंबं पडक्या भिंती टेकू लावून सांभाळतायत. त्यांना वारशाचा अभिमान बाळगा म्हणून सांगायला जाऊन बघा, काय ऐकवतील ते मी इथं लिहू शकत नाही. लोक चालत आले, थांबले, वाड्याच्या ओसरीत कुणी चहाचं, पुस्तकाचं, पैठणीच्या तुकड्यांच्या पर्सचं दुकान टाकलं, तर निदान त्या भिंतीतून चार पैसे सुटतील. दुरुस्तीला तरी सोपी परवानगी द्या.

आणि सुरुवात मोठी करूच नका. रविवारी सकाळी सात ते अकरा, शनिवारवाडा ते मंडई एवढाच शिवाजी रस्त्याचा तुकडा, सहा महिने. बस चालू ठेवा, गाड्या बंद. सिंहगडावर पावसाळा संपल्यावर, गर्दी कमी असताना, आधी फक्त रविवार. खाली गोळेवाडीला पार्किंग, दर दहा मिनिटांनी फेरी, एकच तिकीट जाऊन-येऊन. आणि शेवटची फेरी किती वाजता खाली निघणार ते वर भजीच्या स्टॉलपाशी मोठ्या अक्षरात लावा आणि तिकीट देतानाही सांगा, नाहीतर पहिल्याच रविवारी चार कुटुंबं अंधारात वर अडकतील, सोमवारी पेपरात त्यांचाच फोटो येईल आणि मंगळवारी हेही "केलं होतं, फेल गेलं" मध्ये जमा होईल.